मालवाहू व्हॅनचे टायर : निवडताना आणि सांभाळताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालाच्या व्हॅन चालवण्यात आणि सांभाळण्यात माझी बरीच वर्षं गेली. नवा ड्रायव्हर रुजू झाला की आठवड्याभरात जे विचारतो आणि टायरच्या दुकानात उभे राहून ओळखीचे लोक फोनवर जे विचारतात, ते प्रश्न इथे आहेत. काही उत्तरं दोन ओळींत संपतात. हवा आणि वजन यांबद्दल मात्र मी लांबण लावणार आहे, कारण माझ्या पाहण्यातले बहुतेक टायर खिळ्याने नाही, कमी हवेने गेले.

कारचा टायर त्याच रिमवर बसतो. मग व्हॅनला तो का नको?

रिमवर बसणं वेगळं आणि वजन पेलणं वेगळं. गाडीचं वजन पेलते ती मुख्यतः आत कोंडलेली हवा. टायर म्हणजे त्या हवेची पिशवी. कारच्या टायरमध्ये साधारण ३० ते ३५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा असते. भरलेल्या व्हॅनच्या मागच्या टायरला ५० ते ६५ पीएसआय लागते, काही गाड्यांना त्याहूनही जास्त. एवढा दाब सोसायला आतला सांगाडा दणकट लागतो. असा टायर मापाच्या शेवटी लिहिलेल्या 'सी'वरून ओळखायचा. सी म्हणजे कमर्शियल.

'एक्सएल' लिहिलेला टायर हा कारच्याच टायरचा जरा धट्टाकट्टा भाऊ. काही छोट्या व्हॅन कारखान्यातूनच एक्सएलवर येतात, त्यांना तेच घाला. पण गाडी 'सी'वर आली असेल तर बदलतानाही 'सी'च घ्यायचा. "आमची गाडी रिकामीच फिरते," असं सांगणारे भेटतात. रिकामी फिरणारी मालाची व्हॅन मी अजून पाहिलेली नाही.

टायरच्या बाजूवरचे आकडे कसे वाचायचे?

समजा लिहिलंय : १९५/७५ आर १६ सी १०७/१०५ आर. यातले १९५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, इथे साधारण १४६ मिलिमीटर. पहिला 'आर' रेडियलचा, म्हणजे आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे असलेल्या बांधणीचा; १६ हा रिमचा व्यास इंचात. १०७ आणि १०५ हे लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचे ठरलेले क्रमांक : एका बाजूला एकच चाक असेल तर १०७, मागे जोडचाकं असतील तर प्रत्येक टायरला १०५. शेवटचा 'आर' वेगाचा, ताशी १७० किलोमीटरपर्यंत. 'क्यू' असेल तर १६०, 'एस' १८०, 'टी' १९०. एकाच ओळीत दोन 'आर' आणि दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. हे ठरवताना अक्षरं कमी पडली असावीत.

'८ पीआर', '१० पीआर' असंही दिसेल. पीआर म्हणजे प्लाय रेटिंग. पूर्वी टायरमधले सुती धाग्याचे थर मोजत, त्याची ही आठवण. आजच्या रेडियल टायरमध्ये तेवढे थर नसतात. आकडा फक्त ताकदीची तुलना सांगतो.

लोड इंडेक्स किती घ्यायचा, याचा हिशेब कसा करायचा?

गाडीच्या पाटीवर पुढच्या आणि मागच्या अॅक्सलवर जास्तीत जास्त किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. व्हॅनमध्ये मार बहुधा मागच्या अॅक्सलला. समजा तिथे २००० किलो लिहिलंय. दोन टायर, म्हणजे प्रत्येकी १०००. आता इंडेक्स बघा : १०४ म्हणजे ९०० किलो, १०७ म्हणजे ९७५, १०८ म्हणजे बरोबर १०००, १०९ म्हणजे १०३०, ११२ म्हणजे ११२०. इथे १०७चे दोन टायर मिळून १९५० किलो पेलतात, म्हणजे ५० किलो कमी. दुकानदार म्हणेल, "एकाच आकड्याचा तर फरक आहे." त्या एका आकड्यात तुमची गाडी नापास होते. कागदावर १०८ बसतो. मी १०९ घेईन.

कारण अॅक्सलचं वजन दोन टायरांत निम्मं-निम्मं वाटलं जातं, हे फक्त वहीत खरं असतं. आमच्या एका व्हॅनमध्ये सगळी हत्यारं डाव्या बाजूच्या रॅकवर होती. डावा मागचा टायर कायम आधी जायचा. मी दोनदा अलाइनमेंट करून घेतलं, शॉकअप बघितले, ड्रायव्हरवर चिडून झालं. शेवटी वजनकाट्यावर आधी फक्त डावी चाकं चढवली, मग फक्त उजवी. डावीकडे शंभराहून जास्त किलो जादा निघाले. रॅकचा निम्मा माल उजवीकडे हलवला आणि तक्रार संपली. भरलेली गाडी वर्षातून एकदा तरी अशी तोलून बघा.

आणखी एक. इंडेक्सवर लिहिलेलं वजन टायर पेलतो ते त्यात पुरेशी हवा असेल तरच. हवा कमी केलीत की पेलण्याची ताकदही कमी झाली, बाजूवर छापलेलं काहीही असो.

मग हवा किती मारायची?

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तकात जेवढी लिहिली असेल तेवढी. पुढचा आकडा वेगळा, मागचा वेगळा, आणि बऱ्याच व्हॅनना रिकाम्या नि भरलेल्या गाडीचेही वेगळे आकडे असतात. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा दाब गाडीसाठीचा सल्ला नसतो. तो बघून सरसकट चारही चाकांत तेवढी हवा भरणारे आहेत. त्यांची व्हॅन रिकामी असताना मागून उसळते आणि टायर मधोमध घासतो.

रोज भरून निघणारी आणि रिकामी परतणारी गाडी असेल तर दिवसातून दोनदा हवा बदलत कोण बसणार? भरलेल्या गाडीचा दाब ठेवा. परतताना थोडे धक्के बसतील, ते परवडतात.

टायर गरम असताना हवा तपासली तर चालेल का?

तपासा, पण काढू नका. पाटीवरचे आकडे गार टायरचे असतात, म्हणजे गाडी तीनेक तास उभी असताना, किंवा फार तर दोन-तीन किलोमीटर सावकाश चालल्यावरचे. गेजवर ६० दिसतात तेव्हा बाहेरच्या हवेचा दाब धरून आत साधारण ७५ असतात. तापमान १० अंशांनी वाढलं की हा दाब तिसाव्या भागाने, म्हणजे अडीच पीएसआयने वाढतो. भरलेली गाडी तासभर पळून आली की टायर २५-३० अंशांनी सहज तापतो. सहा-सात पीएसआय वाढ तिथेच झाली.

आमच्याकडच्या एका पोराने दुपारच्या चहाला थांबल्यावर गेज लावलं, ७१ दिसले, घाबरून ६५वर आणले. दुसऱ्या दिवशी पहाटे तोच टायर ५९. त्याच्या मते टायर रात्रभरात गळला होता. टायर जिथल्या तिथे होता, हवा त्यानेच सोडली होती.

हवा थोडी कमी असली तर एवढं काय बिघडतं?

चालताना टायरची बाजू दर फेऱ्याला एकदा दबते आणि एकदा सुटते. हवा कमी असली की ती जास्त दबते, आणि ही वाकवाक आतून उष्णता तयार करते. वर ओझं, त्यात वेग, त्यात तापलेला रस्ता. टायर बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतले थर एकमेकांपासून सुटत जातात. मग एके दिवशी तो फुटतो आणि लोक म्हणतात, "चांगला टायर होता, अचानक गेला."

अचानक नसतं काही. असा टायर रिमवरून उतरवला की आत हात फिरवून बघा. बोटांना काळी भुकटी लागते, काजळीसारखी, पण दाणेदार. टायरने आतून स्वतःलाच घासून काढलेलं ते रबर असतं. कधी बाहेरून बाजूवर गोल रिंगण उमटलेलं दिसतं, तिथलं रबर जरा मऊ लागतं. ही भुकटी दिसली की तो टायर पंक्चर काढून पुन्हा चढवायचा नाही, नक्षी कितीही शिल्लक असो. पंक्चर काढणाऱ्याला तेवढं बघायला सांगा, तो घाईत असला तरी.

वॉल्व्ह बदलायला हवा का?

नवा टायर बसवताना दर वेळी. आणि वॉल्व्ह कुठला बसवतोय तेही बघा. कारला बसतो तो साधा रबरी वॉल्व्ह साधारण ६५ पीएसआयपर्यंतच्या दाबासाठी बनवलेला असतो. तुमच्या व्हॅनला तेवढी किंवा जास्त हवा लागत असेल तर जास्त दाबाचा वॉल्व्ह किंवा नटने आवळायचा धातूचा वॉल्व्ह मागा. वॉल्व्हवरची टोपी शोभेची नसते; ती नसली की पिनेत माती जाते आणि हवा हळूहळू झिरपते. थुंकी लावून बुडबुडा बघायची जुनी पद्धत अजून चालते, साबणाचं पाणी जास्त बरं.

किती घासला की टायर बदलायचा?

बऱ्याच देशांत कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पण ही शिक्षा टाळायची रेघ आहे, गाडी थांबण्याची हमी नाही. नव्या व्हॅन टायरची खाच बहुधा ८ ते १० मिलिमीटर खोल असते आणि ओल्या रस्त्यावर तीच पाणी बाहेर फेकते. भरलेली व्हॅन थांबायला आधीच जास्त अंतर घेते, म्हणून मी ३ मिलिमीटरला बदलतो. खोली मोजायचं गेज खिशात मावतं. आत, मध्ये, बाहेर अशा तीन ठिकाणी मोजा. नुसतं उभ्याने बघितलं तर बाहेरची कड दिसते आणि गोटा झालेली असते आतली.

टायर एका बाजूनेच घासतोय, म्हणजे काय?

दोन्ही कडा घासल्या आणि मध्ये नक्षी शिल्लक असेल तर हवा कमी राहिली किंवा ओझं जास्त झालं. मध्येच घासला तर हवा जास्त. एकच कड खाल्ली जात असेल तर अलाइनमेंट. टायरवरून तळहात एकदा आतून बाहेर आणि एकदा बाहेरून आत फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसरीकडून करवतीसारखं लागलं तर टो, म्हणजे चाकं सरळ पुढे बघतात की आत-बाहेर वळलेली आहेत ते, बिघडला आहे, आणि हे डोळ्यांना दिसायच्या आधी हाताला कळतं. ठिकठिकाणी खळगे पडले असतील तर शॉकअप, बेअरिंग किंवा बॅलन्सिंग. कारण न शोधता नवा टायर घातलात तर तोही त्याच वाटेने जाईल. नुसता टायर बदलून मी हे दोनदा शिकलो आहे.

रोटेशन कधी करायचं?

साधारण ८ ते १० हजार किलोमीटरला. पुढचे मागे गेले की हवा नव्या जागेप्रमाणे पुन्हा सेट करा. पुढे ४५ आणि मागे ६५ असलेल्या गाडीत नुसती चाकं फिरवली तर सगळं ओझं ४५च्या टायरवर येतं. गॅरेजमध्ये हे हमखास विसरतात. बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर चाक त्याच बाजूला राहील असं बघा.

दोनच नवे टायर घेतले. पुढे घालू की मागे?

मागे. पुढच्या चाकांना इंजिनची ओढ असली तरीही मागे. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जायला बघते, पाय उचलला की बरेचदा सावरते. मागची घसरली तर गाडी गिरकी घेते, आणि रिकाम्या व्हॅनचा मागचा भाग हलका असल्याने तो धोका जास्त. हे सांगितलं की अर्ध्या लोकांना पटत नाही. माझंही मत बदलायला एक ओला उतार लागला.

एका अॅक्सलवर दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच बांधणीचे आणि शक्य तर एकाच नक्षीचे हवेत. एका बाजूला नायलॉन (आतले धागे तिरके असलेला जुन्या बांधणीचा टायर) आणि दुसऱ्या बाजूला रेडियल कधीही नको.

मागे जोडचाकं आहेत. वेगळी काय काळजी?

आतल्या चाकाची. ते दिसत नाही, म्हणून तिथली हवा कोणी बघत नाही. आतला बसला की बाहेरचा एकटा दोघांचं ओझं ओढतो आणि ड्रायव्हरला स्टीअरिंगवर काही जाणवतही नाही. वॉल्व्हला एक्स्टेन्शन लावून घ्या म्हणजे आतल्यापर्यंत गेज पोहोचेल. जोडीतले दोन्ही टायर सारखेच घासलेले हवेत. एक नवा आणि एक जुना लावला तर मोठा टायर ओझं घेतो आणि लहान नुसता फरफटतो. दोघांच्या मध्ये दगड अडकलाय का ते रोज बघा, तो बाजू कापतो.

कोणतं पंक्चर काढता येतं?

नक्षीच्या भागात, ६ मिलिमीटरपर्यंतचं भोक असेल तर. तेही टायर उतरवून, आतून तपासून, भोकात बूच आणि आतून पॅच असं. बाहेरून दोरी खुपसून केलेलं काम गॅरेज गाठण्यापुरतं धरा. ६५ पीएसआय आणि दोन टन ओझ्याखाली ते किती टिकेल याची पैज मी लावणार नाही. बाजूचं किंवा खांद्याजवळचं पंक्चर काढायचं नसतं.

बाजूला फुगा आलाय, थोडे दिवस चालेल?

नाही. आतले धागे तुटले आहेत, हवा फक्त वरच्या रबराने धरली आहे. आजच काढा. मात्र बाजूवर आत दबलेली उभी बारीक रेघ दिसली तर घाबरू नका. रेडियल टायरमध्ये थरांचा जोड येतो तिथे तशी दिसू शकते.

टायर फारसा चालला नाही, पण जुना आहे. वापरू का?

बाजूवर 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधा. तिचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष : २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २०००च्या आधीचा, त्याला नमस्कार करून बाजूला ठेवा. पाच वर्षांनंतर दर वर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर कसाही दिसला तरी काढावा, असं काही मोठे उत्पादक सांगतात. बाजूला बारीक भेगांचं जाळं दिसलं तर दहाची वाट बघू नका. घेताना दुकानातही हे आकडे वाचा. नवा म्हणून दिलेला टायर गोदामात किती वर्षं पडून होता ते तिथेच कळतं.

रबर चढवलेला टायर घ्यावा का?

रिट्रेडिंग ही वाईट गोष्ट नाही. ट्रकचे टायर असे चालतात, विमानांच्या टायरवरही पुन्हा रबर चढवतात. सगळा खेळ जुन्या सांगाड्याचा. तो कमी हवेवर भाजलेला असेल तर वरचं नवं रबर निरुपयोगी. सांगाडा स्वतःच्या गाडीवरचा, माहितीतला असेल तर मागे घालायला माझी हरकत नाही. पुढे मी घालत नाही.

नायट्रोजन भरल्याने फरक पडतो का?

साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. उरलेल्यासाठी पैसे द्यायचे की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. फुकट मिळत असेल तर भरा. गेज तरीही लावावंच लागतं.

हवेचा दिवा आहे डॅशबोर्डवर. मग तपासायचं कशाला?

बऱ्याच गाड्यांत तो दिवा दाब २०-२५ टक्के उतरल्यावर लागतो. ६५ची हवा ५०वर येईपर्यंत तो गप्प बसू शकतो, आणि तोवर टायरने वर सांगितलेली भुकटी पाडायला सुरुवात केलेली असते. आठवड्यातून एकदा गेज, दिवा असो वा नसो.

नक्षी कोणती घ्यावी?

पक्क्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीला उभ्या खाचांचा साधा टायर. आवाज कमी, इंधन कमी. खडीचे, बांधकामाचे रस्ते असतील तर जाड ठोकळ्यांची नक्षी आणि कापले न जाणारी बाजू. तापमान ७ अंशांखाली उतरणाऱ्या भागात हिवाळी किंवा ऑल-सीझन, पण तीन शिखरांमध्ये हिमकण असं चिन्ह बघून घ्या. ते चाचणी पार केल्यावर मिळतं. नुसतं 'एम प्लस एस' (चिखल आणि बर्फ) उत्पादक स्वतःच छापू शकतो.

थोडा रुंद टायर घातला तर?

माप बदललं की व्यास बदलतो. १९५/७५ आर १६चा व्यास सुमारे ६९९ मिलिमीटर, २१५/६५ आर १६चा ६८६. दोन टक्के कमी म्हणजे स्पीडोमीटर तेवढा जास्त वेग दाखवणार. रिमची रुंदी, चाकाच्या कोनाड्यातली जागा, लोड इंडेक्स आणि कागदपत्रं सगळं जुळत असेल तर करा. दिसायला छान म्हणून करत असाल तर करू नका.

इलेक्ट्रिक व्हॅनचे टायर लवकर का जातात?

बॅटरीचं वजन आणि पहिल्या क्षणापासून मिळणारा पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर. सिग्नलवरून सुटताना पाय हलका ठेवला की ओढणाऱ्या चाकांवर फरक दिसतो. इंडेक्सचा हिशेब मात्र नव्याने करा, जुन्या डिझेल व्हॅनचा टायर उचलून लावू नका.

चाक बसवल्यावर काही करायचं असतं का?

नट टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणारा पाना), समोरासमोरचे आळीपाळीने. मग ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा. पान्यावर उभं राहून आवळलेला नट वाटेत चाक काढायची वेळ आली की सुटत नाही, ही अडचणच असते.

स्टेपनीकडे कधी बघायचं?

हवा तपासाल तेव्हाच. तिच्यात गाडीला लागणारा सगळ्यात मोठा दाब भरून ठेवा. पुढे लागली तर कमी करता येते, रस्त्यात वाढवता येत नाही. व्हॅनची स्टेपनी बहुधा पोटाखाली टांगलेली असते, चिखल-पाणी सगळं तिच्यावर. सहा महिन्यांतून एकदा ती खाली उतरवून पुन्हा चढवा, साखळीला किंवा केबलला ग्रीस लावा. आमच्या एका गाडीची स्टेपनी ठणठणीत होती, हवा बरोबर होती, पण तिला धरणारा बोल्ट गंजून जाम झाला होता. भर रस्त्यात दोन तास आम्ही तो हातोडीने ठोकत बसलो आणि शेवटी दुसऱ्या व्हॅनमधून चाक मागवलं.